सीताफळाच्या बियांचं वाण

त्या दिवाळीत वासंतीबाईंच्या घरी जो कोणी आला, त्याच्यापुढे चिवड्याच्या आधी सीताफळ आलं, आणि सीताफळासोबत एक रिकामी वाटी. पाहुणा खात असताना वासंतीबाई समोर बसून त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत. बी वाटीत पडली की त्यांचा जीव भांड्यात पडे. चुकून कोणी गिळलीच, तर त्या असा सुस्कारा टाकत की पाहुण्याला आपण त्यांच्या घरचं काही चोरून नेतोय असं वाटावं. मोताळ्याच्या बाजारात सीताफळांना तोटा नाही, पण गर सोडून बियांसाठी सीताफळं घेणारी बाई त्या बाजारानं पहिल्यांदाच पाहिली.

या बियांचे त्या दागिने करत. बिया धुवायच्या, वाळवायच्या, खोबरेल चोळून काळ्याकुळकुळीत करायच्या आणि बारीक पितळी मण्यांसोबत ओवून त्यांच्या माळा, डूल, बांगड्या करायच्या. काम खरोखर देखणं होतं, शेजारधर्म म्हणून सांगत नाही. बिया टोचायचं खातं त्यांच्या यजमानांकडे, म्हणजे भालचंद्ररावांकडे होतं. पंचायत समितीतली कारकुनी आटोपून ते घरी आले की चहाच्या आधी हातात गिरमिट पडायचं. पण सबंध मोसमात त्यांना एक बी धड मधोमध टोचता आली नाही. भोक दर वेळी डावीकडे कलायचं. वासंतीबाई चिडायच्या, बडबडायच्या आणि शेवटी तीच बी उलटी फिरवून ओवायच्या.

"अजून एक खा नं," त्या यजमानांपुढे सीताफळ सरकवत म्हणत.

"अवं, नाक गळून राह्यलं माह्यं. सर्दीनं मारतं का मले?"

"एकच. माळेले थोड्याच कमी पडून राह्यल्या."

असं चाललं असताना भाऊबीजेला त्यांची मोठी जाऊ सिंधूताई आली. तिनं सीताफळ खाल्लं, बिया वाटीत टाकल्या, भिंतीवर टांगलेल्या माळा पाहिल्या आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "चांगलं आहे. पण थुंकलेल्या बियांचे पैसे कोण देते व माय?"

सिंधूताई बोलून गेली आणि विसरली. वासंतीबाईंच्या मात्र ते काळजात रुतलं. नात्यातल्या बायका माळा घालून मिरवत होत्या, "किती छान" म्हणत होत्या. पण "किती छान" म्हणायला काय जातं? एक तरी बाई अशी भेटावी, ओळखीची ना पाळखीची, जिनं पर्स उघडून पैसे द्यावेत आणि डूल घेऊन जावेत. एकच. त्याहून जास्त काही मागणं नव्हतं.

म्हणून बुलडाण्यात जानेवारीत हस्तकलेचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरतंय म्हटल्यावर त्यांनी टेबल घेतलं. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. मांडवात बायकाच बायका होत्या. शेजारच्या टेबलावर जानेफळच्या बेबीताई पापड-कुरड्या घेऊन बसल्या होत्या. वासंतीबाईंनी काळा कपडा अंथरला, दागिने मांडले, प्रत्येकाला किमतीची चिठ्ठी बांधली आणि टेबलाची पूजा केली. पूजेचा हळदीकुंकवाचा करंडा तिथंच टेबलावर राहिला. घात तिथं झाला.

पहिली बाई आली ती काळ्या साडीतली, चांगली पन्नाशीची. नाव शालूबाई. तिनं डूल हातात घेतले, उजेडात धरले. "बिया आहेत का ह्या? बाप्पा! लय नाजूक केले बाई."

वासंतीबाईंना भरून आलं. पहिलं गिऱ्हाईक, तीही सवाष्ण, तीही संक्रांतीच्या दिवसांत. हात आपोआप करंड्याकडे गेला आणि त्यांनी शालूबाईला हळदीकुंकू लावलं. शालूबाईनं डोक्यावरून पदर घेतला, वाकून नमस्कार केला, डूल कपाळाला लावले आणि ते पिशवीत टाकून ती चालू लागली.

आता यात शालूबाईचं काय चुकलं? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत ज्या दारी कुंकू लावून घेतलं, त्या दारचं वाण घ्यायचं. घेतलं नाही तर तो यजमानिणीचा अपमान. वासंतीबाईंनी "अहो" म्हणायला तोंड उघडलं खरं. पण कुंकू लावून पैसे मागणारी बाई बुलडाणा जिल्ह्यात अजून जन्मायची आहे. तोंडातून निघालं, "या हं पुन्हा."

शालूबाई पुन्हा आली नाही. तिनं मैत्रिणी पाठवल्या.

"मले नाई लावत का कुंकू?" पहिलीनं कपाळ पुढे केलं. वासंतीबाईंनी लावलं. तिनं माळ उचलली. दुसरीसाठी त्यांनी करंड्याचं झाकण लावलं, तर ती फणकारली, "तिले लावलं, मले काऊन नाई? आमचं काय वाईट पाह्यलं तुम्ही?" झाकण पुन्हा उघडावं लागलं. मग चौघीजणी. मग एका गावाहून ऑटो भरून आलेल्या बायका, ज्यांनी मांडवात पाऊल टाकायच्या आधीच विचारलं, "बियांचं वाण कुठी भेटून राह्यलं?"

वासंतीबाईंनी एक उपाय केला. किमतीचा पुठ्ठा उचलून सर्वांना दिसेल असा छातीशी धरला. पुढच्या बाईनं तो मोठ्यानं वाचला आणि मागे वळून म्हणाली, "पाहा व, एवढं महागाचं वाण! नाई तं आमची शेजारीण, दर साली चहाची गाळणी देते." रांग दुप्पट झाली. एका म्हाताऱ्या आजीनं तर डुलांची चिठ्ठी तोडून वासंतीबाईंच्या हातात ठेवली आणि प्रेमानं समजावलं, "वाणाले किंमत बांधून नाई ठेवत, बाई. चांगलं नाई दिसत." तिचं पाहून बाकीच्याही चिठ्ठ्या तोडून परत करू लागल्या. वासंतीबाई एका हातानं कुंकू लावत होत्या आणि दुसऱ्या हातानं चिठ्ठ्या घेत होत्या.

"लाल मण्याचे नाईत का?"

"याचा हूक ढिला आहे, बदलून द्या बरं."

"माह्या सुनेचंबी द्या. ती बसस्टँडवर बसली आहे लेकरू घेऊन."

शेजारच्या बेबीताई मदतीला धावल्या. "सरका, सरका, एकेक करून या!" त्यांनी रांग सरळ केली. मग स्टीलची ताटली काढून तीत हाताला लागले तेवढे डूल भरले. "माह्या सुनांसाठी ठेवते व. नाई तं काही राह्यचं नाई." वासंतीबाईंनी त्यांनाही कुंकू लावलं. आता लावायला काही वाटतही नव्हतं.

इकडे भालचंद्रराव "बायामानसात मी काय करू" म्हणून सकाळपासून चहाच्या टपरीवर होते. त्यांना तिथून फक्त रांग दिसली. त्यांची छाती फुगली. ज्या बियांपायी आपण दिवाळीभर शिंकलो, त्या बियांसाठी जिल्ह्याच्या गावी बाया रांगा लावून उभ्या! त्यांनी तिथूनच वहिनीला फोन केला. "सिंधूवहिनी, रांग लागली, रांग! मोजता येत नाई इतकी!" मग आयोजकांपैकी प्रेमानंद नावाचे उत्साही गृहस्थ होते, त्यांना दंडाला धरून रांग दाखवली. प्रेमानंद जवळ जाऊन पाहून आले. हळदीकुंकू दिसलं, वाण दिसलं, पैसे कुठं दिसले नाहीत. त्यांना गहिवरून आलं. त्यांनी थेट माईक गाठला.

"मोताळ्याच्या सौभाग्यवती वासंतीताई यांच्या वतीनं स्टॉलवर हळदीकुंकवाचा कार्यक्रम सुरू आहे. तरी सर्व माता-भगिनींनी लाभ घ्यावा!"

माईकवरून निघाल्यावर ते खरंच झालं. मांडवाच्या दुसऱ्या टोकाच्या बायका उठल्या. पापडवाल्या, पिशव्यावाल्या, चौकशीच्या टेबलावरच्या मॅडम, सगळ्या उठल्या. आणि त्या गर्दीतून वाट काढत, डोक्यावर दुसरं खोकं घेऊन, विजयी मुद्रेनं भालचंद्रराव आले. त्या खोक्यात वासंतीबाईंनी सगळ्यात चांगल्या माळा राखून ठेवल्या होत्या, शेवटच्या दिवशी काढायच्या म्हणून.

वासंतीबाईंनी दुरूनच मान हलवली. दोन्ही हात हलवले. डोळे वटारले. भालचंद्ररावांना वाटलं, बिचारी दमली, घाई करतेय.

"आलो, आलो! घ्या, माय-बहिणींनो, माल लय आहे!" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं खोक्याची दोरी तोडली.

दुपारपर्यंत टेबलावर काळा कपडा आणि रिकामा करंडा उरला.

संध्याकाळच्या बसमध्ये भालचंद्रराव हळूच म्हणाले, "गल्ल्याची पिशवी दे इकडे. गर्दी आहे."

वासंतीबाईंनी पिशवी दिली. त्यांनी आत हात घातला आणि मूठभर चिठ्ठ्या बाहेर काढल्या.

"हे काय आहे?"

"किमती."

"आन् पैसे?"

वासंतीबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. राजूर घाट उतरेपर्यंत भालचंद्रराव चिठ्ठ्यांवरच्या किमती एकेक करून वाचत होते. खाली आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "एकीनंही नाई?"

"एकीनंही नाई."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रुमाल काढून बायकोच्या मांडीवर ठेवला, आणि वासंतीबाईंना जास्तच रडू फुटलं.

घरी पोचतात तोच सिंधूताईचा फोन. "सगळं संपलं म्हणे! आमची शेजारीणबी घेऊन आली एक जोड, वाण म्हणून. मी तं पैलेच म्हणत होती वासंती, फुकटात असलं तं काय खपत नाई!"

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाला जायचं कारण उरलं नव्हतं. वासंतीबाईंनी गिरमिट, दोरा, मणी एका डब्यात भरले आणि डबा माळ्यावर टाकला. त्यांना रात्रंदिवस एकच वाटे, की आपण केलं ते फुकटच्याच लायकीचं होतं. कोणी विकत घेतलं नाही एवढंच नाही. विकत घेण्याची कोणाला गरजच वाटली नाही. चिठ्ठी तोडताना एकीचाही हात अडखळला नव्हता. भालचंद्रराव बिचारे गावठी उपाय करून पाहत. एकदा म्हणाले, "मी घेतो विकत एक माळ." त्यावर वासंतीबाईंनी माळ्यावरचा डबा आणखी आत ढकलला.

रथसप्तमी तोंडावर आली. शेजारच्या पुष्पांजलीनं त्यांना बळजबरीनं बाहेर काढलं. मोताळ्याच्या शाळेत काजल नावाच्या नव्या शिक्षिका बदलून आल्या होत्या, त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. "चाला व काकू, घरात बसून काय करता? बाईचा स्वभाव लय चांगला आहे."

वासंतीबाई गेल्या. कोपऱ्यात बसल्या. तिळगूळ घेतला. काजलमॅडमनी कुंकू लावून एक कागदी पुडी हातात ठेवली. गाळणी असेल असं समजून वासंतीबाईंनी ती चाचपली, मग उघडली.

आत काळे डूल होते. पितळी मण्यांत ओवलेल्या बिया. एक बी उलटी फिरवलेली, आणि तिचं भोक डावीकडे कललेलं.

वासंतीबाईंनी वर पाहिलं. काजलमॅडमच्या कानातही तेच हलत होते.

"हे कुठून आणलं हो तुम्ही?" त्यांनी पुडी पुढे केली.

"बुलडाण्याच्या प्रदर्शनातून, शेवटच्या दिवशी," काजल कौतुकानं म्हणाली. "एक पापडवाली बाई ताटलीत घेऊन बसली होती. म्हणे, एकेक बी माह्या हातानं टोचली. मी भाव करून थकली, पण एक रुपया सोडला नाही तिनं. होते तेवढे सगळे घेतले."

पुष्पांजलीनं डोळे मोठे केले. ती तोंड उघडणार तोच वासंतीबाईंनी तिला मांडीला असा चिमटा काढला की ती तिळगुळासकट गप्प झाली.

"विकत घेतले?" वासंतीबाईंनी विचारलं. "पैसे देऊन?"

"फुकट कोण देते, काकू? रोख दिले."

"एवढे महागाचे काऊन घेतले पण?"

काजलला प्रश्नच कळला नाही. तिनं कानातल्या डुलाला सहज बोट लावलं. "आवडले," ती म्हणाली आणि पुढच्या बाईला कुंकू लावायला वळली.

घरी भालचंद्रराव पेपर वाचत होते. बायको दारात उभी राहून डोळे पुसतेय पाहून ते घाबरले. "काय झालं? सिंधूवहिनीचा फोन आला का?"

"विकल्या गेलं हो."

"काय?"

"आपलं. एका बाईनं विकत घेतलं. ओळख ना पाळख. रोख पैसे देले."

"मंग कुठी आहेत पैसे?"

"ते बेबीताईनं घेतले." आणि त्यांनी डुलांसकट सगळी हकिगत सांगितली.

भालचंद्रराव ताडकन उठले. "म्हणजे टोचल्या मी, ओवल्या तू, आन् तिनं... मी आत्ता जातो जानेफळले!"

"राहू द्या. पैशाचं काय घेऊन बसले?" वासंतीबाई हसत होत्या आणि रडतही होत्या. "आवडले म्हणे तिले."

"वहिनीले सांगतं का मंग? लाव फोन."

"नको. त्या पैले हेच विचारतीन, पैसे कोणाले भेटले."

बोलता बोलता त्यांनी स्टूल ओढलं आणि माळ्यावरचा डबा खाली काढला. गिरमिट पुसून टेबलावर ठेवलं. भालचंद्ररावांनी ते पाहिलं आणि चेहरा जमेल तेवढा दुःखी करून म्हणाले, "पण काय करतं आता? सीताफळाचा मोसम तं गेला."

"सीताफळं कोण म्हणून राह्यलं?"

वासंतीबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि बाजारातून आणलेल्या नव्या गाभुळलेल्या चिंचांची भली मोठी पिशवी घेऊन आल्या. तिच्या शेजारी त्यांनी एक रिकामी वाटी ठेवली.

"चिंचोके लय चमकतात म्हणे घासले की. होऊ द्या सुरू."

भालचंद्ररावांचे दात चिंचेला न शिवताच आंबले.