सलीममामांचे दोन एक्के

न्हावऱ्यात भर दुपारी कुणी "समदं!" असं ओरडलं, तर गावातलं माणूस दचकत नाही. बाहेरचं दचकतं. मागं एक विम्याचा एजंट गॅरेजात गाडीचं ऑइल बदलून घेत बसला होता. आरोळी ऐकून त्यानं दोन्ही हात वर केले आणि एका हातातलं घड्याळही काढायला लागला. मी शेजारच्या माझ्या खताच्या दुकानातून ओरडलो, "बसा हो! मामांना पत्ते चांगले आलेत, एवढंच."

सलीममामांचं टू-व्हीलरचं गॅरेज आणि माझं दुकान यांच्यामध्ये एकच पत्रा आहे. त्या पत्र्याआडून मी ऑनलाइन पोकर नुसत्या कानांनी शिकलो. मामा खेळतात ते मोबाइलवर, फुकटच्या चिप्सवर, म्हणजे खोट्या पैशांवर. पैसे लावायचे नाहीत, हा त्यांचा धर्म आणि मामींचा हुकूम. फुकटच्या टेबलावर जगभरचे उडाणटप्पू जमतात आणि हातात कसलेही पत्ते असले तरी खेळत सुटतात. मामा त्यांना 'लूज' म्हणतात.

"हे बघा भाऊ, पयले दोन पत्ते हातात येत्यात. बाकीचे टेबलावर उघडायच्या आतच इचार करायचा. भंगार असलं की फेकायचं. फेकायचं आन् गुमान बसायचं. जवा एक्क्यांची जोडी येईल, तवा..." इथं हातातला पान्हा वर जातो. "समदं लावायचं! लूज गडी बघितल्याबिगर ऱ्हात न्हाई. आपसूक येतो हौदात."

"आणि पत्ते वाईट असताना नुसतं घाबरवलं तर?"

"लूज माणसाला बनवायला जायचं न्हाई. त्यो इचारच करत न्हाई, मग बनंल कसा? तुमच्यावानी असतो त्यो."

मी लूज का, तर कुणीही बोलावलं की जातो आणि सोसायटीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलचं जेवतो. "नट लूज असला तर आवळता येतो," मामा म्हणतात, "मान्साला कुठनं आवळणार?"

स्वतः मामा भलतेच घट्ट. वरवंडला एका लग्नात आम्ही शेजारी जेवायला बसलो. भात आला, मामांनी हात आडवा धरला. वांग्याची भाजी आली, हात आडवा. पुरी, भजी, सगळं फेकलं. "जिलबी येऊ द्या," माझ्या कानात म्हणाले, "मग बघा." शेवटी वाढपी आला तो मठ्ठा घेऊन. जिलबी आमच्या आधीच्या पंगतीतच संपली होती. मामांनी दोन मिनिटं विचार केला आणि "समदं!" म्हणून मठ्ठ्याची बादलीच ठेवून घेतली. परतीच्या एसटीत त्यांचे जे हाल झाले, ते इथं सांगण्यासारखे नाहीत.

दुपारच्या नमाजानंतर मात्र टेबल दोघांचंच असतं. पलीकडे राहू गावचे बबनआप्पा, मामांचे तरुणपणापासूनचे दोस्त. आप्पा म्हणजे लूजांचे सरपंच. पत्ते कसलेही येवोत, ते 'बघतो', म्हणजे 'समोरच्याइतकंच लावतो', हेच बटण दाबणार. मामा रोज दात-ओठ खातात. "येऊ द्या एकदा एक्क्यांची जोडी. बबन्याला धुऊन काढतो!" त्या दिवसाची वाट आम्ही गिऱ्हाइकांसकट सगळे बघत होतो. पण मामा आप्पांशी किरकोळच खेळायचे. "हात न्हाई आला," म्हणायचे. मला वाटायचं, बिचाऱ्यांचं नशीबच खोटं.

मागच्या आठवड्यात मी पकड मागायला गेलो आणि खांद्यावरून सहज डोकावलो. मोबाइलवर दोन एक्के! मामांच्या आधी मीच ओरडणार होतो. तेवढ्यात त्यांनी काळ्या अंगठ्यानं ते दोन्ही पत्ते फेकून दिले.

"मामा, एक्के फेकले? अहो, समोर बबनआप्पा आहेत!"

"हळू बोला," मामा म्हणाले. "लकव्यानं पडलाय त्यो. मीच ट्यूबची पट्टी मारून खाटंला फोन बांधून दिलाय. डाव्या हाताचा अंगठा तेवढा हलतो, आन् त्यो त्या एकाच बटनापत्तूर पोचतो. दुसरं काय दाबणार? म्या समदं लावलं तर त्यो येणारच. त्याच्या चिप्स गेल्या की उद्या सकाळी नव्या फुकटच्या मिळंपत्तूर खेळ बंद. मग दिसभर आढ्याकडं बघत पडायचं का त्यानं?"

मामांना मी इतकी वर्षं कंजूष समजत होतो.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. आप्पांच्या घरून वहिनी बोलत होत्या. "भाऊजी, ह्यांना काय तरी सांगायचंय." मग घरघर, थुंकी गिळल्याचा आवाज. लकव्यापासून आप्पांचा एक शब्द धड कळत नाही. पण त्या दिवशी तो पत्र्यापलीकडे माझ्या दुकानातही ऐकू गेला असता.

"भ्या-लास!"

आणि पाठोपाठ हसणं. खोकला येईपर्यंत हसणं.

मामांनी फोन कानाशी घट्ट दाबून धरला. डोळे भरले होते, पण आवाज पक्का ठेवला.

"व्हय रं बबन्या," ते म्हणाले. "लई भ्यालो."