वाढत्या अंगाचं झाड

नालवाडीच्या भोयर टेलरांच्या मापाच्या वहीत माझ्या पॅन्टच्या खाली एका झाडाचं माप लिहिलेलं होतं. ‘कांचन. उंची ४१, छाती २.’ कमरेची जागा कोरी. मी विचारलं तर म्हणाले, "अजून कमर निघाली नाई जी त्याची."

बेलबॉटम नुकतीच नालवाडीपर्यंत पोचली होती, तेव्हाची ही गोष्ट. भोयरजी एकटे राहत. पुढे दुकान, मागे खोली, आणि बाजूच्या अंगणात हे रोप. दर रविवारी गळ्यातली टेप काढून ते त्याचं माप घ्यायचे. "वाढत्या अंगाचं हाय" हे त्यांचं पालुपद, रोपाला आणि गिऱ्हाइकाला सारखंच. मी बत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, तरी माझ्या पॅन्टला ते चार बोटं कापड आत दाबून ठेवत. पुढे मी वाढलो, पण रुंदीत. त्यामुळे त्यांचं अगदीच चुकलं असंही म्हणता येत नाही.

वर्ध्याचं ऊन माणसाला सोसत नाही, तिथे रोपाची काय कथा. भोयरजींनी उरलेली कापडं जोडून त्याला एक लांब बाहीच शिवली. मोहल्ल्याने येऊन आपापलं कापड ओळखलं. माझ्या टेरिकॉटचा तुकडा बुंध्याशी होता. ‘कापड पुरलं नाही’ म्हणून त्यांनी माझा मागचा खिसा गाळला होता, तोच हा. मी चिडलो. ते शांतपणे म्हणाले, "तुमचं कापड मजबूत होतं, म्हनून बुडाले लावलं."

चार-पाच वर्षांत झाड छपराच्या वर गेलं, पण फूल काही येईना. कारण दसरा. कांचनाचं पान आपट्यासारखंच, मधोमध चिरलेलं. सोनं समजून सगळा मोहल्ला ते ओरबाडायचा आणि ऐन कळ्या धरायच्या दिवसांत शेंडे मोडायचे. भोयरजी फाटकात उभे राहून समजावत, "आपटा नाई थे. आपट्याची कॉलर लहान असते. हे पाहा, हे फॅशनची कॉलर." लोक मान हलवत आणि फांदी मोडत.

मग एका वर्षी दसऱ्याआधीच कळ्या दिसल्या. त्या नवरात्रात भोयरजी धड जेवले नाहीत. एका शर्टाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. मला म्हणाले, "यंदा मोडलं तं मी काई याचं फूल पाहत नाई. साठी झाली माही." मला फार वाईट वाटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुकानाला कुलूप. संध्याकाळी भोयरजी धुळीने माखून परतले, सायकलच्या कॅरिअरला भलंमोठं पोतं. दूरच्या झुडपी जंगलातून खरा आपटा आणला होता.

दुसऱ्या दिवशी ते कडक इस्त्रीचा सदरा घालून फाटकात बसले. जो येईल त्याच्या हातावर मूठभर पानं. "घ्या सोनं. खरं हाय." फांदी मोडायला आलेली माणसं सोनं घेऊन त्यांच्या पाया पडली. बायका तब्येत विचारत थांबल्या. कुणीतरी चिवडा आणून दिला. दिवेलागणीपर्यंत पोतं रिकामं झालं आणि झाडाला कुणाचं नखही लागलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

आठवड्याभरात झाड फुललं. जांभळी, पाच पाकळ्यांची, हलक्या वासाची फुलं. भोयरजी खाली उभे राहून नुसते वर बघत होते. मापबीप काही नाही.

मी खुशीत म्हटलं, "भोयरजी, पुढच्या दसऱ्याले पोतं वाहाची दगदग नको. माह्या ओळखीनं काटेरी तार भेटते. कुंपन घालून टाकू."

"तार नको जी," ते वर बघतच म्हणाले. "अन् हा आपटा नाई, हेबी आता कोनाले सांगू नका."

"काऊन?"

"पानं तोडाले म्हनून तरी येतीन. नाई तं माह्या घरी दसऱ्याले कोन येते?"

मी तारेचं नाव पुन्हा काढलं नाही. पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या झुडपी जंगलाकडे दोन सायकली गेल्या. मागची माझी होती.