गणपतराव सरांनी एका जागेसाठी दोन मोहरे तोलले, त्याची हकीकत

श्री अंबाबाईचे कृपेकरून करवीर नगरीत सर्व क्षेम असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, माघ शुद्ध सप्तमी, आदित्यवारी, प्रातःकाळी सातापासून मध्यान्ही बारापावेतो कॉलेजाचे मैदानावर जे रण माजले आणि त्यात राजश्री गणपतराव सर यांनी जो निवाडा केला, तो जैसा घडला तैसा येथे लिहिला असे. या गोष्टीचे नगरीत सतरा पाठ झाले आणि दर पाठात म्हशींची संख्या वाढत गेली, म्हणोन खरे ते एकदा कागदावर यावे, इतकाच हेतू.

सरांची उमर अडुसष्ट. कॉलेजात क्रीडाशिक्षक होते, निवृत्त होऊन दहा वर्षे लोटली, परंतु गळ्यातली शिटी सोडली नाही, आणि ती मागून घेण्याची छाती एकाही प्राचार्यांस झाली नाही, मग फुटबॉलचा संघ अद्याप त्यांचेच हुकमतीत चाले. त्या सरांचे मोबाइलावर गुरुवारी दोन प्रहरी दक्षिणेकडील एका मातबर व्यावसायिक क्लबाचा खलिता आला. त्यात मजकूर ऐसा की, आमचे छावणीत आघाडीची एक जागा रिकामी असे. तुमचेकडील एक मोहरा महिनाभर येथे राहून खेळ दाखवील, पसंत पडल्यास तीन वर्षांचा करार होईल. मात्र एकच पाठवावा, दोन पाठवू नयेत, आणि नाव आदित्यवारी बारा वाजेतो कळवावे, न कळविल्यास जागा दुसरे शहरास जाईल. खलिता वाचून सरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. एकाचे ठिकाणी दोन काही होईना.

कारण पदरी मोहरे दोन होते आणि दोन्ही अस्सल. पहिला सम्राट. हा सरांची कन्या संयोगिताबाई यांचा पुत्र, म्हणजे सरांचा सख्खा नातू. पेठेत जन्मला, तालमीचे, म्हणजे आखाडा आणि फुटबॉलसंघ दोन्ही चालविणारे मंडळाचे, कट्ट्यावर वाढला, आणि उजवे बगलेने चेंडू घेऊन सुटला म्हणजे बचावाचे लोक वळून पाहतात तोवर हा गोलासमोर दाखल होई. त्याने गोल मारला की पेठेत फटाके वाजत आणि म्हातारे लोक औषधाची वेळ विसरत. दुसरा शशिधर. हा गडहिंग्लजेपलीकडे कानडी मुलुखाचे शिवेवरील गावचा. उचगावी थोरले बहिणीकडे राहून शिके. तिला तो आक्का म्हणे, म्हणोन सारे मैदान तिला आक्काच म्हणू लागले. हा धावण्यात सम्राटाहून दोन पावले मागे. परंतु चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून चहूकडे पाहून घेई, कोठे जाणे ते आधीच ठरवी, आणि चौघांचे घोळक्यात शिरला तरी चेंडू त्याचे पायापासून हलत नसे. स्वतः गोल थोडे मारी, दुसऱ्याकडून पुष्कळ मारवी, आणि अशा कामाची तारीफ आमचे नगरीत होत नाही, हे लिहिताना वाईट वाटते.

खलित्याची बातमी फुटावयास एक घटका पुरली आणि नगरीत दोन तट पडले. मिसळीचे दुकानी, रिक्षाथांब्यावर, न्हाव्याकडे, जेथे दोन माणसे तेथे मसलत. एका दंतवैद्यांनी रोग्याचे तोंड उघडे ठेवूनच सम्राटाचे वेगावर अर्धा तास व्याख्यान केले, आणि रोगी शशिधराचे पक्षाचा, त्याला उत्तर देता येईना, तो नुसता डोळ्यांनी भांडत राहिला. व्यवसायात वेग टिकतो की नजर टिकते, हा मूळ मुद्दा. पण मूळ मुद्द्यावर कोणी फार वेळ थांबले नाही.

शनिवारी सायंकाळी सर जेवावयास बसले. संयोगिताबाईंनी तांबडा रस्सा वाढला आणि समोरून हलल्या नाहीत.

"आप्पा, नवस बोललोय मी जोतिबाला," त्या म्हणाल्या. "पोरगं तिकडं लागलं तर चैत्रात गुलाल आन् पाच नारळ. पर नाव तुमच्या हातात हाय, देवाच्या न्हाय."

सरांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. त्यांचेही मनात सम्राटच जावा ऐसे होते, आणि ही गोष्ट लपवून बखर खरी होत नाही. त्याचे कारण जुने. सर एकवीस वर्षांचे असता त्यांस मुंबईचे एका क्लबाने असेच बोलाविले होते, सायंकाळचे गाडीचे तिकीट काढले होते, आणि त्याच दिवशी तालमीचा फुटबॉलचा अंतिम सामना. पेठेचे वडीलधारे म्हणाले, फायनल तेवढी खेळून जा. सरांस नाही म्हणवेना. मग खेळले, जिंकले, आणि मग मिरवणूक, गुलाल, लोकांचे खांदे. खांद्यावरून खाली उतरेतो गाडी निघून गेली आणि दुसरे बोलावणे जन्मात आले नाही. त्या गाडीत आता नातू बसावा, ही त्यांची उमेद. दहा वर्षे पहाटे उठवून त्याला पळविले ते याचसाठी. म्हणोनच त्यांस स्वतःचे निवाड्याचा भरवसा वाटेना. तराजूत पासंग आहे आणि तो आपलाच आहे, हे त्यांस ठाऊक होते. मग त्यांनी हुकूम सोडला की, उदयिक, म्हणजे आदित्यवारी, सात वाजता भर मैदानात, सर्वांदेखत दोघांची परीक्षा घेतली जाईल आणि तीवरून नाव ठरेल.

आता गुंडू यांचे वर्तमान. हे पेठेचे तालमीचे कारभारी आणि सहा म्हशींचे धनी. करवीरी दूध पिण्याची रीत ऐसी की, म्हैस समोर उभी पाहिजे, धार थेट पेल्यात आणि पेला थेट ओठी. पातेल्यातले ते दूधच नव्हे, असा येथील लोकांचा पक्का समज. पैलवान मंडळी मेहनत झाल्यावर पितात. गुंडू यांनी विचार केला की, मेहनतीनंतर पिऊन जर एवढा जोर येतो तर आधीच पाजल्यास केवढा यावा! मग आदित्यवारी पावणेसातास दोन म्हशी, शिंगे रंगवलेल्या, गळ्यात घुंगरे, मैदानाचे फाटकातून हत्तीचे डौलाने आत आल्या आणि मागोमाग पेठेचे शेदोनशे लोक.

"पी की रं वाघा!" गुंडू गरजले. "तालमीचा पेला हाय!"

सम्राटाने तालमीचा पेला घेतला. मग पेठेचा आला. मग मामांचा, मग ज्यांनी लहानपणी बूट घेऊन दिले त्यांचा, मग एका म्हाताऱ्या आजीने स्वहस्ते धरलेला. दर पेल्याआधी तो खाली पाहून किंचित थांबे आणि मग पिई. ऐसे पाच जाहले. पाचवा संपल्यावर लोकांनी टाळ्या पिटल्या.

गुंडू दिलदार माणूस. सहावा पेला घेऊन ते शशिधराकडे गेले, कारण वैर झाले तरी पाहुणा तो पाहुणा.

"पावणं, तुमीबी घ्या. भांडान मैदानात, दुधात न्हाय."

"नको अण्णा," शशिधर म्हणाला. "खेळ झाल्यावर पितो की."

गुंडू यांनी आग्रह केला. शशिधराने हात जोडले आणि तेच म्हणाला. तिसऱ्यांदा पेला ओठाशी नेला, तरी तेच, आणि आवाज तेवढाच. मग गुंडू संतापून सरांचे पुढे फिर्याद घेऊन आले.

"सर, दूध न्हाय म्हनतंय हे पोरगं! दुधाला न्हाय म्हननारं खेळात काय दिवं लावनार?"

सरांनी वहीत काही टिपून घेतले आणि शिटी फुंकली.

पहिली झुंज निव्वळ धावण्याची. सम्राट आठ हातांनी पुढे गेला आणि पेठेने आरोळी ठोकली. दुसरी झुंज ऐसी की, चौघे अंगावर घेऊन चेंडू दोन मिनिटे राखावा. शशिधराने पूर्ण दोन मिनिटे राखला. सम्राटाचे पोटातून मात्र घागर हिंदकळल्यागत आवाज येऊ लागला, तो पंच्याहत्तर सेकंदांत चेंडू गमावून बसला, आणि पेठेने ऐसे दाखविले की आपण म्हशींकडे पाहत होतो. तिसरी झुंज गोलरक्षकाशी समोरासमोर. शशिधराने शांतपणे कोपऱ्यात चेंडू ठेवला. सम्राट निघाला, वाऱ्यासारखा आला, पेनल्टीचे ठिपक्यापाशी थबकला, गुडघ्यांवर हात टेकले, आणि पाचही पेले तेथे परत केले. मग बाहीने तोंड पुसले, उठला, आणि त्याच चेंडूला ऐसी लाथ हाणली की जाळी फाटावयाची राहिली. शत्रूपक्षाचेही लोक वाहवा म्हणाले. ऐसे पाणी होते त्या पोराचे.

एक झुंज याची, एक त्याची, एक दोघांची. साडेसातास परीक्षा संपली आणि वाद सुरू जाहला तो चार तास चालला. उलटी ती पराभवात धरावी की नाही, यावर एका वकिलांनी शर्ट काढून भाषण केले. शेवटी आक्का गर्दीतून वाट काढीत सरांपुढे आली.

"सर, माझ्या भावाला घ्या म्हनून सांगायला आलो न्हाय मी," ती म्हणाली. "पावणेबाराची बस हाय. निकाल कवा, तेवढं सांगा."

सर उठून एकटे चिंचेखाली गेले आणि वही उघडली. आकडे पुष्कळ होते, पण ते बरोबरीचे. त्यांखेरीज एकच ओळ होती: शशिधर, तीनदा नको म्हणाला. सर त्या ओळीकडे पाहत राहिले. परक्या मुलुखात, परक्या माणसांत, दुखरा पाय घेऊन उतर म्हणतील तेव्हा जो नको म्हणेल तोच तेथे दहा वर्षे टिकेल. ज्याला नाही म्हणवत नाही त्याला लोक प्रेमानेच संपवतील. हे सरांइतके कोणास ठाऊक? मग त्यांनी शशिधराचे नाव लिहिले, बाराला अकरा मिनिटे असता पाठविले, आणि परत येऊन निवाडा वाचून दाखविला.

मैदान थक्क झाले. गुंडू यांनी पेला जमिनीवर ठेवला. "सर, सोताच्या रगताला मागं सारलं तुमी," एवढेच म्हणाले आणि म्हशी घेऊन चालते झाले. संयोगिताबाई बापाकडे न पाहता रिक्षात बसल्या. शशिधराने सरांचे पाय धरले आणि आक्का तोंडाला पदर लावून रडली. बसचे तिला भानही राहिले नाही.

मग सर्व पांगल्यावर सम्राट आला आणि आज्याशेजारी बसला.

"आबा, एक सांगू? मला जायचंच न्हवतं."

सरांनी मान वर केली. "मग आदी का न्हाय बोललास?"

"तुमी लई आशेनं बगत हुता माज्याकडं. तुमाला न्हाय कसं म्हनायचं?" तो थांबला. "मला हितंच खेळायचं हाय. आपल्या मानसांत. तिकडं पळून कुनाला दावू? पर आबा, हितून फुडं पहाटं उठवू नगा. मी न्हाय येनार."

पोराला आग्रहाने पाजणारांचे रांगेत दहा वर्षे सर्वांत पुढे आपणच उभे होतो, हे सरांस तेव्हा कळले आणि ते भर दुपारी, भर मैदानात, लाज न धरता रडले. तेवढ्यात मोबाइल वाजला. नाव पावले, गुरुवारी हजर करावे, ऐसे उत्तर होते.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. जखमी कोणी नाही. म्हशी दोन, दोन्ही सुखरूप परतल्या. फत्ते शशिधराची म्हणोन उचगावी पेढे वाटले गेले आणि ते योग्यच. परंतु दफ्तरी दुसरी एक फत्ते दर्ज करणे अगत्य आहे. त्या दिवशी सम्राटाने जन्मात पहिल्यांदा कोणास नाही म्हटले, ते आपले आज्यास म्हटले; आणि अडुसष्ट वर्षांचे आज्याने गळ्यातली शिटी काढून खिशात घातली आणि बरं म्हटले.