साळवेकाकांची चांदणी

साळवेकाकांच्या घरात कात्री नव्हती. भाजीला विळी होती, नखांना नेलकटर होतं, पण कात्री नाही. घरात आलेल्या प्रत्येक पुड्याचा, पार्सलचा, मिठाईच्या खोक्याचा दोरा ते नखाने सोडवत. गाठ घट्ट असली तर बाल्कनीतल्या खुर्चीत बसून, खोकं मांडीवर घेऊन तिला तासभर कुरवाळत. आतली मिठाई तोवर वाट बघत असे.

"कात्री काय, कुणीही चालवतं," ते म्हणत. सुटलेला दोरा मग जुन्या पेन्सिलीवर गुंडाळला जाई.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या दोन इमारती काटकोनात उभ्या होत्या, म्हणून काकांची बाल्कनी माझ्या खिडकीतून पूर्ण दिसायची. मी फार बोलत नसे, त्यामुळे बघायला भरपूर वेळ असे. काका एका कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. काकू आम्ही तिथे राहायला येण्याआधीच गेल्या होत्या. हॉलमधल्या फोटोत त्या कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कुणाकडे तरी बघून हसत होत्या.

तुळशीची लग्नं आटोपली की काका मोठी पिशवी घेऊन दारोदार फिरत. "दिवाळी उतरली ना? द्या कंदील."

"अहो, फाटलाय तो," कुणी म्हणालं की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "टाकू नका. जीव आहे अजून त्यात."

वरच्या मजल्यावरच्या देवधरकाकूंनी एकदा कंदील देता देता सोफ्यावर पेंगणाऱ्या देवधरकाकांकडे बोट दाखवलं. "साळवे, जमलं तर आमच्या ह्यांनाही न्या. बरेच जुने झालेत."

साळवेकाकांनी चष्मा नीट करून देवधरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "राहू द्या इथेच. जीव आहे अजून."

सगळ्या सोसायटीची दिवाळी अशी पिशवीत भरून जाई आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी काकांच्या बाल्कनीत चांदणी होऊन उगवे. बांबूच्या कामट्यांची, पाच टोकांची, भलीमोठी. एक टोक देवधरांच्या हिरव्या कागदाचं, एक आमच्या केशरीचं, बाकीची ज्याच्या-त्याच्या रंगाची. ती लागली नाही असा एकही नाताळ गेला नव्हता.

माझ्या कॉन्व्हेंट शाळेतला ख्रिसमस पांढरा होता. आम्ही कार्डांवर कापसाचा बर्फ चिकटवायचो. काकांच्या नाताळाला तळणीचा वास यायचा. करंज्या, चकल्या, शंकरपाळे बिस्किटांच्या जुन्या डब्यांतून घरोघर जायचे आणि डब्यासोबत निरोप यायचा, "डबा परत करा. रिकामा केलात तरी चालेल." चर्चमधून परतताना बाकीचे लोक केक आणत. काका केकखालचे पुठ्ठे आणत.

आणि संध्याकाळी, पुण्याची ती कोरडी थंडी खिडकीतून आत यायला लागली की, मी दिवा न लावता पलंगावर पडून राहायची. चांदणी वाऱ्यावर हळूच वळे आणि माझ्या छतावरून हिरवं, केशरी, जांभळं पाणी वाहत जाई. ऑफिस, डेडलाइन, मीटिंगमध्ये घशातच राहिलेली वाक्यं, सगळं त्या पाण्याखाली जाऊन बसे. आपण कुठल्या तरी मोठ्या माशाच्या पोटात आहोत आणि मासा चांगल्या ठिकाणी चाललाय, असं वाटे.

त्या वर्षी डिसेंबरमध्ये काकांनी मला जिन्यात गाठलं. "तुमच्या ऑफिसात म्हणे एकमेकांना भेटी देतात आणि कागद टराटरा फाडतात?"

"हो काका. सीक्रेट सँटा."

"सीक्रेट असू दे. कागद आण."

ज्या मुलीला मीटिंगमध्ये स्वतःचं नाव सांगताना घाम फुटतो, ती त्या दिवशी डेस्क-टू-डेस्क फिरत होती. "प्लीज फाडू नका. सेलोटेप हळू काढा." एकाने विचारलं, "कसला प्रोजेक्ट आहे का?" मी "हो" म्हणून सुटले. चंदेरी, लाल, ठिपक्यांच्या कागदांची गुंडाळी घेऊन नाताळच्या आदल्या दिवशी मी काकांकडे गेले.

दार उघडंच होतं. हॉलभर खोकी आणि थर्माकोल पसरलं होतं. त्या वर्षी घरोघरी कॉम्प्युटर आले होते आणि "पुढेमागे दुरुस्तीला पाठवायचा झाला तर?" म्हणून साऱ्या इमारतीची खोकी काकांनी स्वतःच्या माळ्यावर चढवली होती. त्या ढिगाखालून ओढताना चांदणी अडकली होती. आता ती दिवाणावर होती. एक कामटी मधोमध मोडलेली, एक टोक खाली लोंबणारं.

काका तिच्याशेजारी बसले होते. कागद बघून नेहमी चमकणारे त्यांचे डोळे या वेळी वर उठलेच नाहीत.

"कामटी बदलू या ना," मी म्हणाले. "आमच्या कंदिलाच्या आहेत की तुमच्याकडे." आणि त्यांच्याच पद्धतीने मी टोकाच्या गाठीला नख लावलं.

"नको!"

काकांचा आवाज इतका मोठा होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. मी हात मागे घेतला.

"ती नको सोडवू," ते हळू म्हणाले. "कागद दरवर्षी नवा असतो. वायर बदलली, होल्डर बदलला. गाठी तेवढ्या सुशीलाच्या आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला बांधल्या तिने. मी म्हटलं, इतक्या कशाला आवळतेस, सोडवताना त्रास होईल. तर म्हणाली, सोडवायच्या कुणाला आहेत?"

मी फोटोकडे बघितलं. काकू बाजूला बघून हसत होत्या.

"यंदा राहू दे," काका म्हणाले आणि चांदणीवर जुनी चादर ओढायला लागले.

मला छतावरचं पाणी आठवलं. बोलायचं म्हटलं की माझे कान तापतात, तसे तापले. "काका, हात मोडला की पट्टी बांधतात ना? कामटी आहे तिथेच ठेवू. तिच्या बाजूने दुसरी बांधू. गाठींना हात नाही लावायचा."

चादर अर्ध्यावर थांबली. त्यांनी मोडलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"बांध मग," त्यांनी दोऱ्याची पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"मी? मला नीट नाही येत."

"मला तर मुळीच येत नाही. जन्मभर सोडवतच आलो. बांधायचं काम तिचं होतं."

त्यांनी दोन्ही कामट्या जुळवून धरल्या. मला एकच गाठ येत होती, शाळेच्या बुटांच्या नाडीची. ती मी मारली. काकांनी चष्मा वर करून ती तपासली.

"ही ओढली की सुटेल."

"हो."

"मग दुहेरी मार."

मी दुहेरी मारली. शेजारी आणखी एक मारली, तीही दुहेरी. मग त्यांनी खळ शिजवायला ठेवली आणि दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघं कागद चिकटवत राहिलो. चांदणी लागली तेव्हा ती एका बाजूला जराशी कलली होती. माझ्या छतावर त्या नाताळात थोडी चांदीही वाहिली.

जानेवारीतल्या एका सकाळी काका बाल्कनीत, उन्हात, चांदणी मांडीवर घेऊन बसले. ओल्या फडक्याने एकेक कागद अलगद सोडवून, वाळवून घडी घालायचं काम चाललं होतं. मी खिडकीतून बघत होते. सरकत सरकत त्यांचं नख माझ्या गाठींपाशी आलं. त्या उन्हात आणखीच बेढब दिसत होत्या. नख सवयीने एका फासात शिरलंसुद्धा.

मग ते तसंच बाहेर आलं. काकांनी दोऱ्याची लोंबणारी टोकं आत खोचली आणि ते पुढच्या कागदाकडे वळले.