खांबेटे हद्द ओलांडतात

बेल्जियमच्या हद्दीवर कोणी नसतं. पोलीस नाही, फाटक नाही, साधी दोरीसुद्धा बांधलेली नाही. हॉलंडमधल्या आमच्या फेल्डहोवनहून दक्षिणेला निघालं की मक्याची शेतं लागतात, मग एक निळी पाटी लागते, आणि पाटीच्या पलीकडे तोच मका बेल्जियमचा म्हणून उभा असतो. माणसं शिंकत शिंकत हद्द ओलांडतात आणि त्यांना पत्ताही लागत नाही.

आमचे शेजारी सुधाकर खांबेटे मात्र तिथे थांबतात. पाटीच्या अलीकडे गाडी बाजूला घेतात, काच खाली करतात, पासपोर्टचं फोटोचं पान बाहेरून दिसेल असं हातात धरतात आणि पाच मिनिटं बसून राहतात. घड्याळ लावून.

मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसलो होतो तेव्हा मला वाटलं, गाडी बंद पडली.

"काय झालं हो?"

"हद्द आहे."

"पण इथे कोणीच नाहीये!"

"आत्ता नाहीये," खांबेटे म्हणाले. "विचारलं तर?"

आम्ही पलीकडच्या टपरीवर बटाट्याचे फ्राइज खायला निघालो होतो.

"विचारलं तर?" या दोन शब्दांवर खांबेट्यांचं सगळं आयुष्य उभं आहे. बावीस वर्षांपूर्वी ते पुण्याहून इथे आले, चिप बनवणारी यंत्रं तयार करणाऱ्या कंपनीत. यंत्राबरोबर जाणारी कागदपत्रं तपासणं हे त्यांचं काम. यंत्र एका विमानातून जायचं आणि खांबेट्यांची कागदपत्रं दुसऱ्यातून, असं तिथले लोक सांगतात. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. कंपनीने सुटकेचा जो श्वास सोडला, तो आम्ही शेजाऱ्यांनी आत घेतला.

त्यांच्याकडे एक निळी फाइल आहे. ती त्यांच्याबरोबर सगळीकडे जाते. एकदा पत्ता बदलायला ते खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कार्यालयात गेले तेव्हा शाळा सोडल्याचा दाखलाही घेऊन गेले. खिडकीमागच्या डच बाईंनी तो उलटा धरून वाचायचा प्रामाणिक प्रयत्न केला. खांबेट्यांनी तो सुलटा करून दिला आणि 'वर्तणूक : चांगली' या ओळीवर बोट ठेवलं.

निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, व्हायोलिन शिकतात. खांबेट्यांनी कॅम्पर घेतला. सहा मीटर लांब, आत पलंग, शेगडी, संडास. तो आमच्या गल्लीत आला त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरातलं ऊन गेलं. आतल्या प्रत्येक कप्प्यावर त्यांनी चिठ्ठी लावली. 'चमचे, सहा.' 'काडेपेट्या, दोन, पैकी एक वापरात.' फ्रिजवर 'फ्रिज'. आमच्या खेमेंटेचा नियम असा, की कॅम्पर रस्त्यावर तीन दिवसांच्या वर उभा करायचा नाही. म्हणून दर तिसऱ्या दिवशी खांबेटे तो शेजारच्या गल्लीत नेत आणि तसं पत्राने खेमेंटेला कळवत. खेमेंटेने शेवटी त्यांना कळवलं, की कृपया कळवू नका. ते पत्र फाइलमध्ये आहे.

त्यांची बायको वारल्याला सहा-सात वर्षं झाली. एकुलती एक मुलगी मुग्धा इंग्लंडमध्ये असते, तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न केलंय. "दर रविवारी फोन असतो तिचा," हे खांबेटे आम्हाला दर सोमवारी सांगत. तिला मुलगी झाली तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. प्रत्येक डब्यावर घटक पदार्थांची यादी होती.

आणि मग एका सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले.

"साळवी, नातीचं उष्टावण आहे. रविवारी. मुग्धाला भाऊ नाही, म्हणजे बाळाला मामा नाही. तेव्हा पहिला घास आजोबांनी भरवायचा. आजोळची खीर, आजोळची चांदीची वाटी. शनिवारी दुपारची बोट आहे. मला दुसरा ड्रायव्हर लागेल."

"विमानाने जा की! तासाभराचं तर अंतर."

"विमानात खीर नेता येत नाही."

"कॅम्परमधून नेता येते?"

"नाही. दुधाच्या पदार्थांना बंदी आहे. तांदूळ, साखर, वेलची इथून. दूध तिकडचं."

"मग तेवढं विमानातूनही..."

"जा हो तुम्ही," आतून नीता म्हणाली. नीता माझी बायको. मला दुसऱ्याच्या कामाला जुंपण्याचा तिला भारी उत्साह. "पहिली नात आहे त्यांची. अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही. बोट चुकली तर घास कोण भरवणार?"

मी अडकलो.

बुधवारी सराव झाला. होय, सराव! आमच्या कचऱ्याच्या डब्यांशेजारी खुर्ची टाकून मला सरहद्दीचा अधिकारी करण्यात आलं. खांबेटे कोपऱ्यावरून कॅम्पर घेऊन आले, माझ्यासमोर थांबले, काच खाली केली.

"कुठे निघालात?" मी जमेल तेवढ्या खर्जात विचारलं.

"ग्रेट ब्रिटन, सर."

"गाडीत काय काय आहे?"

त्यांनी अकरा पानांची यादी माझ्या हातात दिली. पान चारवर 'सुया, दोन' होत्या. मलाही मग चेव आला.

"केळी आहेत?"

"नाहीत, सर."

"का नाहीत?"

खांबेट्यांचा चेहरा पडला. "ही शक्यता धरली नव्हती," असं पुटपुटत ते उतरले आणि घरात गेले. दुसऱ्या फेरीत यादीला पुरवणी जोडलेली होती : 'केळी : नाहीत. कारण : आवडत नाहीत.' समोरच्या डच आजींनी फुलांना पाणी घालणं थांबवून नीताला विचारलं, तुझ्या नवऱ्याची तब्येत बरी आहे ना?

"चेष्टा करताय तुम्ही," खांबेटे मला म्हणाले. "करा. पण अधिकाऱ्याशी खोटं बोलायचं नाही, साळवी. घरी-दारी माणूस थोडं इकडचं तिकडे करतो. खिडकीमागच्या माणसाशी नाही."

शनिवारी पहाटे सहाला निघालो. हुक व्हान हॉलंडचा धक्का दोन तासांवर आणि बोट सव्वादोनची. ताशी सत्तरच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, हा खांबेट्यांचा निश्चय. ट्रकवाले आमच्या अंगावर भोंगे वाजवत जात होते. गाडीला घोड्याची पेटी जोडलेली एक बाई आम्हाला मागे टाकून गेली. त्या घोड्याने मागे वळून माझ्याकडे ज्या सहानुभूतीने पाहिलं, तेवढी मला त्या दिवशी कोणाकडूनच मिळाली नाही.

"मी चालवू का थोडी?"

"नंतर."

धक्क्यावर इतक्या लवकर पोचलो, की फाटकच उघडलं नव्हतं. पण लवकर पोचून उपयोग काय! रांग सुरू झाली, आमचा नंबर आला आणि फाइलमधलं पान सात सापडेना. खांबेट्यांनी मागच्याला पुढे जाऊ दिलं. पान सात सापडलं, तर ते पान आठच्या मागे होतं. पुन्हा मागच्याला पुढे. असं तीनदा झालं. माझ्या डोळ्यांदेखत हॉलंडमधले निम्मे कॅम्पर इंग्लंडला गेले. शेवटी आम्ही खिडकीशी पोचलो तेव्हा बोटीचं फाटक बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती.

खिडकीत निळ्या गणवेशातली एक तरुण पोरगी होती. तिने हात पुढे केला. खांबेट्यांनी त्या हातात आधी फाइल ठेवली.

"फक्त पासपोर्ट," ती डचमध्ये म्हणाली.

"अनुक्रमणिका पहिल्या पानावर आहे," खांबेटे म्हणाले. त्यांचं डच शुद्ध आहे, फक्त ते परिपत्रकासारखं ऐकू येतं. "शिवाय मला गाडीतल्या वस्तू जाहीर करायच्या आहेत."

"त्या तिकडे गेल्यावर करा. इंग्लंडमध्ये."

"म्हणूनच दोन प्रती आणल्या आहेत."

मागून भोंगा वाजला. "अहो खांबेटे," मी दात आवळून मराठीत म्हणालो, "ती जा म्हणतेय! निघा!"

"तिने अजून काही विचारलेलंच नाही," ते मराठीत म्हणाले.

पोरीने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग सुस्कारा टाकून तिने फाइल परत दिली, आमचे पासपोर्ट घेतले आणि ती बाहेर आली. "मागे कोणी आहे का? लोक कॅम्परमध्ये लपून जायचा प्रयत्न करतात. उघडा जरा."

खांबेट्यांचा चेहरा असा उजळला, की मला क्षणभर राग आवरावा लागला. बावीस वर्षांनी कोणीतरी त्यांना तपासत होतं! ती एकेक कप्पा उघडायची आणि खांबेटे यादीतून वाचून दाखवायचे. "पातेली, तीन. साणशी, एक." साणशीचं डच त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं. मी घड्याळाकडे पाहत होतो. सात मिनिटं.

पलंगावरचा कप्पा तिने उघडला आणि तिचा हात थांबला. आत झबली होती, टोपडी होती, दुपटी होती. इस्त्री केलेली. तीन महिन्यांच्या बाळाची वेगळी, सहा महिन्यांची वेगळी, वर्षाची वेगळी. तिने एक झबलं उलगडून बघितलं आणि पहिल्यांदा हसली.

"अरे वा! बाळ कुठाय?"

"इंग्लंडमध्ये. माझी नात."

"किती गोड! नाव काय तिचं?"

तिने सहज विचारलं होतं. लोक विचारतात तसं. खांबेट्यांनी फाइल उघडली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं.

"अहो, नाव सांगा ना!" मी ओरडलो. "नावाला कसला आलाय पुरावा! बोट जाईल!"

आणि ओरडताना माझ्या लक्षात आलं, की मलाही ते माहीत नाही. पेढे खाल्ले, पण नाव कोणीच विचारलं नव्हतं.

खांबेट्यांनी फाइल मिटली.

"मला माहीत नाही," ते त्या पोरीला म्हणाले, त्याच परिपत्रकाच्या डचमध्ये. "मला कळवण्यात आलेलं नाही. मुलगी माझ्याशी बोलत नाही. तीन वर्षं झाली. बाळ झाल्याचं पुण्याच्या भाचीकडून समजलं. मी येत आहे हेही मुलीला ठाऊक नाही."

मागचा भोंगा पुन्हा वाजला. पोरीने मागे न बघता नुसता तळहात वर केला. भोंगा बंद झाला.

"तिकडे राहणार कुठे?" तिने विचारलं.

"गाडीत. त्यासाठीच घेतली. त्यांच्या रस्त्यावर गाडी उभी करायला परवानगी लागत नाही, चौकशी केली आहे. दोन दिवस थांबेन. त्रास होणार नाही असं बघेन."

तिने ते झबलं घडी करून ठेवायचा प्रयत्न केला. तिला काही नीट जमलं नाही. पासपोर्ट परत देत म्हणाली, "जा आता. फाटक बंद होतंय."

बोटीसमोरच्या रांगेत आम्ही शेवटून दुसरे. खांबेट्यांनी इंजिन बंद केलं. मला बरंच काही बोलायचं होतं. सकाळपासून जपून ठेवलेल्या शिव्या होत्या, दर सोमवारच्या त्या थापा होत्या, त्यांनी एकट्यानेच ठरवलेलं उष्टावण होतं. तोंडातून एवढंच निघालं, "असं झालं काय होतं?"

"टॉम पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी त्याला फॉर्म दिला होता."

"कसला फॉर्म?"

"चार पानांचा. शिक्षण, नोकरी, आजार, आधीच्या मैत्रिणी. सोबत जोडायच्या कागदपत्रांची यादी."

"खांबेटे! जावयाला?"

"त्याने भरला हो," ते म्हणाले. "हसत हसत भरला. चांगलं अक्षर आहे त्याचं. मी म्हणालो, पान तीन अपुरं आहे. तेव्हा मुग्धाने तो फाडला आणि दोघं उठून गेली."

समोर बोटीचा मोठा दरवाजा उघडा होता. नारिंगी जाकीटातला माणूस आमच्याकडे बघून हात हलवत होता, या, या. खांबेट्यांचा हात किल्लीवर होता, पण ते किल्ली फिरवत नव्हते.

"साळवी," ते समोर बघतच म्हणाले, "उद्या बेल तुम्ही वाजवाल? मी गाडीत थांबतो."

"वाजवीन की."

नारिंगी जाकीटवाला आता दोन्ही हात हलवत होता. खांबेट्यांनी इंजिन सुरू केलं, गाडी दोन हात पुढे नेली आणि पुन्हा थांबवली.

"एकदाच वाजवा हं," ते म्हणाले. "झोपलेली असेल ती."