कळसच्या चंद्रवंशी राजाचा वाडा

सन १९९४च्या उन्हाळ्यात तालुक्यातील अज्ञात प्राचीन वास्तूंची माहिती मागवणारा पुरातत्त्व खात्याचा एक छापील नमुना आमच्या शाळेत आला. इतिहासाचा शिक्षक मी एकटाच, त्यामुळे तो माझ्या टेबलावर ठेवण्यात आला. बावीस वर्षे मी दुसऱ्यांच्या पुस्तकांतले राजे शिकवले होते. स्वतः शोधलेला एकही राजा माझ्याकडे नव्हता, आणि ही गोष्ट मला फार लागत असे.

कळसच्या माळावर म्हस्कूआबांच्या रानात दगडांचा एक मोठा गोल घेर होता. आबांच्या घरी पूर्वी मेंढरे होती. कालव्याचे पाणी आल्यावर ती विकून त्यांनी ऊस केला. मी वही घेऊन तिथे गेलो.

“आबा, इथं पूर्वी काय होतं?”

“वाडा हुता आमचा.”

“वाडा! मग कुणी राजा वगैरे?”

“हुता की. राजाच म्हनायचो त्येला. कपाळाव पांढरा चांद.”

मी लिहिले : चंद्रवंशी.

“दार एवढं बुटकं का?”

“एकेकानं मान खाली घालून आत शिरावं म्हनून.”

दरबारी शिष्टाचार अत्यंत कडक.

“आणि हा आतला लहान घेर?”

“लेकुरवाळ्या तितं येगळ्या ठिवायच्या.”

राणीमहाल.

“राजाचा शेवट कसा झाला?”

आबांचे डोळे भरून आले. “लांडग्यांनी मारला वो.”

शत्रूचे आडनावसुद्धा मिळाले. मध्ययुगाच्या उत्तरार्धात लांडगे सरदारांच्या दगाबाजीने हे राज्य बुडाले, असा आठ पानी अहवाल मी नकाशासह पाठवून दिला. इंदापुरात माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि ‘इतिहासाचार्य’ अशी पदवी मिळाली. पदवी मी त्याच आठवड्यात दारावरच्या पाटीवर रंगवून घेतली.

दोन महिन्यांनी आबा नोटीस घेऊन माझ्याकडे आले. सदर राजवाडा संरक्षित झाला होता. सभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकाम करण्यास, दगड हलवण्यास आणि खोदकाम करण्यास सक्त मनाई. आबांची बायको द्वारकाबाई अकरा वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. त्याच दगडांत दोन खोल्या बांधायच्या म्हणून घेराशेजारी पाया खणून ठेवला होता. दिवाळीनंतर लेकीचे, छकुलीचे, लग्न त्या नव्या घराच्या दारात लावायचे ठरले होते.

मला स्वतःची लाज वाटली. आबांना घेऊन मी खात्याच्या कार्यालयात गेलो.

“साहेब, चूक दुरुस्त करायची आहे. तो मेंढरांचा वाडा होता. मेंढरं बसवतात त्या जागेला हे लोक वाडा म्हणतात. आणि राजा म्हणजे मेंढा.”

“म्हणजे वाडा होता, हे आपल्याला मान्य आहे?”

“हो, पण...”

“आणि राजाही होता?”

“व्हय,” आबा म्हणाले. “लई गुणाचा.”

“मग अहवालात चूक कुठं आहे?” साहेबांनी चष्मा पुसला. “तरीही बांधकाम करायचंच असेल, तर राजाच्या वारसांचं ना-हरकत पत्र जोडा.”

“वारस बारामतीच्या बाजारात गेले साहेब,” मी म्हणालो.

“मग बाजारातला पत्ता लिहा.”

पंधरा दिवसांत शिपाई येऊन पाया बुजवून गेला. छकुलीचे लग्न वडगाव निंबाळकरला, नवऱ्या मुलाच्या दारात झाले. मी आहेर घेऊन गेलो होतो. द्वारकाबाईंनी तो घेतला, पाणी दिले आणि शांतपणे म्हणाल्या, “गुरुजी, समदं इचारलं तुमी. राजाला पाय किती हुतं, येवढंच इचारायचं ऱ्हायलं.”

मी मान खाली घातली. खरे सांगायचे तर ते विचारायचे राहिले नव्हते, मी टाळले होते. त्या बुटक्या दारातून आत शिरताना माझ्या सदऱ्याला लोकर चिकटली होती. लेकुरवाळ्या म्हणजे कोण, हे मला तिथेच कळले होते. पण वही उघडी होती आणि राजा आयता हाती आला होता.

तुम्हालाही ते तिथेच कळले होते. तरी आबांचा पाया बुजेपर्यंत तुम्ही हसत हसतच वाचत आलात ना?