गुडघाभर भिंत

राजापेठेत आमच्या दादासाहेबांची भिंत दर उन्हाळ्यात बांधायला निघायची आणि गुडघ्यापर्यंत येऊन थांबायची. विटा कच्च्या आहेत, रेतीत माती आहे, गवंड्याची नजरच तिरपी आहे, कारण कोणतंही चालायचं. गवंडी हाकलला जायचा, पावसात चार विटा निखळायच्या आणि परसाच्या जुन्या भिंतीतलं खिंडार होतं तसं राहायचं.

खिंडाराच्या अलीकडे आमची गल्ली. वकील, मास्तर, मोर्शीकडे संत्र्याचे बगीचे असलेले दादासाहेब, आणि त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहणारा मी, कचेरीतला कारकून. पलीकडे बौद्धांची वस्ती. दीक्षेला दोन-तीन वर्षं झाली होती. तिथली माणसं आता मान वर करून चालतात, हे आमच्या गल्लीचं मोठं दुखणं.

दादासाहेब तर रोज सकाळी दातण चावत खिंडाराशी उभे. "हद्द म्हंजे हद्द. शेवंते, तुही बकरी माह्या परसात काहून येऊन रायली?"

शेवंताबाई सरकारी दवाखान्यात नर्स. पांढरं पातळ, पायात चपला. ती थांबून शांतपणे सांगायची, "बकरीले हद्द समजत नाई, दादासाहेब. आन् मले बाई म्हणा. दवाखान्यात डॉक्टरबी बाई म्हणते."

"डॉक्टर म्हणत असन. मी नाई म्हणत."

एवढं झालं की म्हातारा खूश होऊन चहाला बसायचा. घरात बोलायला दुसरं होतंच कोण?

मला मात्र हसू येत नव्हतं. बायकोचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण, त्यात पाय सुजलेले. माझी आई कधीच गेलेली, सासू बडनेऱ्याला अंथरुणाला खिळलेली. शेवंताबाई येऊन बघून गेली होती. "कळा लागल्या का हाक मारा. या खिंडारातून आलीच समजा." मोठ्या रस्त्यानं वळसा घालून यायचं तर अर्धा तास मोडणार. आणि नेमकं त्याच वर्षी गल्लीनं मनावर घेतलं. वकीलसाहेब म्हणाले, "दादासाहेबांच्यानं काही होत नाही. ही गल्ली आहे की धर्मशाळा? रविवारी आपण उभं राहून भिंत पुरी करून घेऊ." पडलो भाडेकरू, बोलणार काय डोंबल?

रविवारी गवंडी आला, वकीलसाहेब छत्री घेऊन आले. पाहतात तर दादासाहेब खिंडारात आरामखुर्ची टाकून बसलेले.

"उठा, दादासाहेब."

"आज मुहूर्त नाई."

"भिंतीला कसला मुहूर्त?"

"माही भिंत, माहा मुहूर्त. हद्द म्हंजे हद्द."

वकीलसाहेब तापले. गवंडी बिडी ओढत बसला. ऊन डोक्यावर आलं तरी म्हातारा हलेना. तेवढ्यात आतून बायको ओरडली. खोलीत डोकावलो तर कळा लागल्या होत्या. मी धावत परसात आलो, पण माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत दादासाहेब उठले होते. खुर्ची बाजूला ओढून त्यांनी पलीकडे हाक दिली, "शेवंताबाई, या! लवकर या, बाई."

साऱ्या गल्लीनं ऐकलं. वकीलसाहेब छत्री मिटून घरी गेले. शेवंताबाई ओले हात पदराला पुसत आली, गुडघाभर भिंत ओलांडली आणि थेट आत गेली.

दिवेलागणीला रडणं ऐकू आलं. मुलगी झाली. मी सांगायला परसात आलो तर दादासाहेब अजून तिथंच. मुलगा की मुलगी, त्यांनी विचारलंच नाही.

"माय जित्ती हाय ना?"

"आहे. दोघी सुखरूप आहेत."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "आमची याच खोलीत गेली. पहिलंच बाळंतपण. तवा इथं पुरी भिंत होती, माह्या बापानं बांधलेली. शेवंताबाईची माय सुईण. मोठ्या रस्त्यानं धावत आली बिचारी, पन उशीर झाला." खिंडाराकडे बोट करून म्हणाले, "तेरवी झाली आन् हे खिंडार मीच पाडलं."

मागे शेवंताबाई येऊन उभी होती. तिनं ऐकलं असावं, पण तसं दाखवलं नाही.

"दादासाहेब, उद्या भिंत चढवता काय?"

"गवंडी बेकार हाय," ते म्हणाले आणि खुर्ची सरकवून तिला वाट करून दिली. "इटा निसटत्या हायेत. पाय जपून टाका, बाई."